यादीत नसलेली वकालत

गेल्या रमजानमध्ये एका संध्याकाळी आम्ही कोपरीला बहिणीच्या घरी इफ्तारला गेलो होतो. मगरिबची नमाज झाली, चहा आला, आणि दुल्हेभाईंनी कपाटातून एक गुळगुळीत कागदाची रंगीत पुस्तिका काढून आमच्या पुढ्यात ठेवली. परदेशी प्रवेश मिळवून देणाऱ्या एका गृहस्थाने ती त्यांना दिली होती. पुस्तिकेत विलायतेतल्या विद्यापीठांची नावे होती आणि प्रत्येक नावापुढे ठळक आकडा छापला होता, जगात कितवे.

आमची भाची वकील आहे. मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका साध्या कॉलेजातून तिने तीन वर्षांचे एलएल.बी. केले. सनद मिळून वर्ष झाले. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात ती एका ज्येष्ठ वकीलबाईंकडे ज्युनियर म्हणून काम करते. त्या गृहस्थाने तिच्या वडिलांना एकच प्रश्न विचारला होता, 'तुमच्या मुलीचं कॉलेज जगात कितवं?' उत्तर अर्थातच नव्हते. मग त्याने परदेशातल्या एका वर्षाच्या एलएल.एम.चा हिशेब मांडला. राहण्याखाण्यासह पस्तीस लाख. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात आयुष्य घालवून दुल्हेभाईंनी कोपरीत दोन खोल्यांची जागा घेतली आहे. ती गहाण टाकायची त्यांची तयारी होती.

ते आम्हाला म्हणाले, "भाईसाब, तुम्ही लिहिणारी-वाचणारी माणसं. एवढंच सांगा, पोरीची तालीम कच्ची राहिली का? कुठल्याच यादीत तिच्या कॉलेजचं नाव नाही."

आम्हाला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. पण प्रश्न मनातून गेला नाही. जगाच्या याद्या आपल्या विधि महाविद्यालयांना न्याय देतात का? नसतील देत, तर त्या अन्यायाचे आपण काय करायचे? प्रश्न कायद्याच्या शिक्षणाचा आहे, म्हणून त्याची तपासणी कायद्याच्याच साध्या नियमांनी करावी असे आम्हाला वाटले.

जागतिक क्रमवारीचा हा व्यवहार तसा फार जुना नाही. चीनमधल्या शांघाय येथील विद्यापीठाने २००३ साली पहिली यादी काढली. दुसऱ्या वर्षी लंडनहून टाइम्स हायर एज्युकेशन आणि क्यूएस यांची संयुक्त यादी आली. पुढे दोघे वेगळे झाले आणि दोन याद्या झाल्या. शांघायच्या मुख्य यादीत नोबेल पारितोषिके आणि 'नेचर', 'सायन्स' या नियतकालिकांतले लेख मोजले जातात. कायद्याला नोबेल नाही आणि या नियतकालिकांत कूळकायद्यावर लेख येत नाहीत, हे सांगायला नको. म्हणजे मुळात हा तराजू प्रयोगशाळेसाठी घडवलेला. पुढे त्याच घराण्यातली मापे कायद्यापुढेही ठेवली गेली.

आता कायद्याची क्यूएसची यादी पाहू, कारण पुस्तिकेतले आकडे बहुतेक तिथलेच होते. या यादीत शंभरापैकी ५० गुण जगभरच्या प्राध्यापकांच्या मताला आहेत. ३० गुण नोकरी देणाऱ्यांच्या मताला. उरलेले २० गुण शोधनिबंध इतरांनी किती वेळा उद्धृत केले यावर. म्हणजे ऐंशी गुण लोक काय म्हणतात त्याचे. एडिनबर्गच्या किंवा सिंगापूरच्या प्राध्यापकाने पुण्याच्या अगर नागपूरच्या वर्गात कधी पाऊल ठेवलेले असते का? त्याने नाव ऐकलेले असते, किंवा नसते. पुराव्याचा कायदा शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगितले जाते की साक्षीदाराने स्वतः पाहिले-ऐकले ते सांगावे, ऐकीव पुरावा चालत नाही. १८७२ च्या कायद्यात हा नियम होता आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. जो पुरावा तालुक्याच्या न्यायालयात पाकीटमाराविरुद्धही चालत नाही, त्यावर विधि महाविद्यालयांची जगातली हैसियत ठरते. हा पहिला आक्षेप.

दुसरा नियम, दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये. आपल्याकडे १९८०च्या दशकात बंगळूरला नॅशनल लॉ स्कूल निघाले. प्रा. माधव मेनन यांनी पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची घडी तिथे बसवली. मग हैदराबाद, कोलकाता असे करीत देशभर राष्ट्रीय विधि विद्यापीठे झाली. महाराष्ट्रातही २०१४ च्या कायद्याने मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, अशी तीन विद्यापीठे आली. ही विद्यापीठे मुख्यतः कायदाच शिकवतात. आणि क्यूएसच्या एकूण जागतिक यादीत यायचे तर किमान दोन वेगवेगळ्या विद्याशाखा लागतात. टाइम्सच्या यादीसाठी पाच वर्षांत हजार शोधनिबंध हवेत आणि सगळे संशोधन एकाच विषयाचे असले तर संस्था बाहेर ठेवली जाऊ शकते. शंभर-दीडशे शिक्षकांचीही नसलेली ही विद्यापीठे हजार निबंध कोठून आणणार? ती नापास झाली असे नाही, त्यांना परीक्षेला बसूच दिले गेले नाही. पण यादी वाचणाऱ्या बापाला हा फरक कोण सांगतो? त्याला एवढेच दिसते की नाव नाही. आणि भाचीच्या कॉलेजासारखी दीड हजारांहून अधिक विधि महाविद्यालये, जिथून या देशातले बहुसंख्य वकील बाहेर पडतात, ती तर संलग्न असल्यामुळे जगाच्या हिशेबात स्वतंत्र संस्थाच नाहीत.

तिसरा नियम, कोणी स्वतःच्या दाव्यात न्यायाधीश होऊ नये. याद्या काढणाऱ्या या खाजगी कंपन्या आहेत. त्या विद्यापीठांना सल्ला विकतात, जाहिराती घेतात, मेळावे भरवतात. क्यूएसची 'स्टार्स' नावाची स्वतंत्र मूल्यांकन सेवा आहे, ती विद्यापीठे पैसे भरून घेतात. यात लबाडी होते असा आरोप आम्ही करीत नाही. पण ज्याच्याकडून फी घ्यायची त्यालाच गुण द्यायचे, ही व्यवस्था न्यायालयात क्षणभरही टिकली नसती. २०२० साली मुंबई, दिल्ली, मद्रास यांच्यासह सात आयआयटींनी टाइम्सच्या यादीवर बहिष्कार घातला. त्यांचे म्हणणे एवढेच होते की गुण कसे दिले जातात ते आम्हाला कळत नाही.

आणखी एक आक्षेप आहे आणि तो आम्हाला सर्वांत मोठा वाटतो. पदार्थविज्ञान कोपरीत आणि केंब्रिजमध्ये एकच असते. कायद्याचे तसे नाही. कायदा मातीला धरून असतो. कोपरीत जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचे वाद घरोघर आहेत. जमीन सोसायटीच्या नावावर नाही, बिल्डर दाद देत नाही. अशा वेळी १९६३ च्या 'मोफा' कायद्यातली मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद उपयोगी पडते. यावर एखाद्या प्राध्यापकाने कितीही चांगले लिहिले तरी ते ऑक्सफर्डला कोण उद्धृत करणार? २००२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने दगडू छोटू पठाण विरुद्ध रहीमबी या खटल्यात निकाल दिला. नवऱ्याने 'मी तलाक दिला' असे नुसते म्हणून भागणार नाही, त्यामागे कारण होते आणि समेटाचा प्रयत्न झाला होता हे त्याला सिद्ध करावे लागेल, असे न्यायालयाने म्हटले. राबोडीतल्या किंवा मुंब्र्यातल्या एखाद्या टाकलेल्या बाईच्या पोटगीच्या अर्जात हा निकाल योग्य जागी मांडता येणे ही विद्या आहे. ती कोणत्या रकान्यात बसते?

भाषेचेही तेच. १९९८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी झाली. राज्याच्या कायदा प्रवेशपरीक्षेची प्रश्नपत्रिका मराठीतही असते. राष्ट्रीय विधि विद्यापीठांची 'क्लॅट' मात्र इंग्रजीतच. आणि जगाच्या याद्या ज्या साठ्यातून निबंध मोजतात, त्यात मराठी विधिलेखनाला जवळजवळ जागाच नाही. आपल्या गावचे न्यायालय ज्या भाषेत चालते, त्या भाषेत लिहिलेले ज्ञान जगाच्या लेखी शून्य.

थोडे मागे जाऊ. मुंबईचे शासकीय विधि महाविद्यालय १८५५ सालचे, आशियातले सर्वांत जुने म्हणून ओळखले जाणारे. १९३५ ते १९३८ या काळात तिथे प्राचार्य होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांच्यानंतर त्या खुर्चीवर बसले असफ अली असगर फैजी, आणि १९४७ पर्यंत तिथे राहिले. माथेरानला जन्मलेल्या या विद्वानाचा मुस्लिम कायद्यावरचा ग्रंथ १९४९ साली निघाला आणि वकिलांच्या पिढ्या त्यावर वाढल्या. न्यायमूर्ती छागलांनीही उमेदीच्या काळात याच महाविद्यालयात शिकवले होते. आजच्या यादीकाराला त्या वेळचे हे महाविद्यालय दाखवले असते तर त्याने काय मोजले असते? परदेशी विद्यार्थी किती? निबंध किती? त्याच वर्गांच्या परिसरातून गेलेल्या माणसाने पुढे देशाची राज्यघटना घडवली, याला गुण किती?

अलीकडचे उदाहरण शमनाद बशीर यांचे. बंगळूरला शिकलेले, कोलकात्याच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठात शिकवलेले. कर्करोगावरच्या ग्लिवेक या औषधाच्या पेटंटचा नोवार्टिस कंपनीचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालला, तेव्हा एक अभ्यासक म्हणून त्यांनी न्यायालयापुढे आपली मांडणी केली. १ एप्रिल २०१३ रोजी कंपनीचे अपील फेटाळले गेले आणि औषध स्वस्तात मिळण्याची वाट खुली राहिली. गरीब, खेड्यातल्या, अपंग मुलांना राष्ट्रीय विधि विद्यापीठांत पोचवण्यासाठी त्यांनी २०१० साली 'आयडिया' ही संस्था काढली. २०१९ साली ते अकाली गेले. त्यांच्या या दोन कामांचा यादीत उल्लेख कोठे येईल? कोठेच नाही.

इथवर आमची बाजू भक्कम वाटते. पण दुसरी बाजू ऐकली पाहिजे हा नियम आम्हीच सांगितला, तेव्हा यादीची कैफियतही ऐकायला हवी.

यादी म्हणेल, मी कोठे सांगितले की मी न्याय मोजते? मी संशोधन आणि नाव मोजते, आणि तुमचे संशोधन खरोखर तोकडे आहे. हे खोटे नाही. अनेक विधि महाविद्यालयांत शिक्षकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या असतात, तासिकांवर काम भागवले जाते, ग्रंथालयात गाइडांचे ढीग आणि निकालपत्रांच्या मालिका अर्धवट. हा दोष लंडनच्या कंपनीने केलेला नाही.

यादी आणखी एक गोष्ट म्हणेल आणि ती आमच्या वर्मी लागते. याद्या नव्हत्या तेव्हा चांगले कॉलेज कोणते हे कोणाला कळत होते? ज्याचे काका बॅरिस्टर, मामा न्यायाधीश, त्याला. कारखान्यातल्या कामगाराच्या मुलीला कोण सांगत होते? ज्या समाजात पहिलीच पिढी वकिलीकडे वळते आहे, त्याला छापील यादी हाच काय तो वाटाड्या. तराजू वाकडा असेल, पण पूर्वी तोही बंद दाराआड होता.

हे मान्य केलेच पाहिजे. म्हणून यादी नकोच, असे आम्ही म्हणत नाही. आपल्या सरकारनेही २०१८ पासून एनआयआरएफमध्ये कायद्याची वेगळी क्रमवारी सुरू केली. तिच्यात शिकवणे, संशोधन, विद्यार्थ्यांचे पुढे काय झाले, याबरोबर मुली, आर्थिक-सामाजिक दुर्बल आणि अपंग यांना सामावून घेण्यासाठी १० गुण आहेत. परदेशी यादीत हा रकाना नाही. गंमत अशी की देशी यादीत २०१८ ते २०२५ सलग पहिले बंगळूरचे नॅशनल लॉ स्कूल, तर क्यूएसच्या कायद्याच्या यादीत २०२१ साली पहिल्या शंभरात प्रथम शिरलेली भारतीय संस्था म्हणजे हरियाणात सोनीपतला २००९ साली सुरू झालेले जिंदल ग्लोबल लॉ स्कूल. देश एक, विषय एक, आणि पहिला क्रमांक दोघांचा. यात कोणी खोटे नाही. जे माप, तो क्रमांक. मीठबंदरच्या बाजूला कोळीण जवळा वाट्यावर देते आणि पापलेट वजनावर. उद्या कोणी सगळेच नगावर मोजले तर जवळा महाग आणि पापलेट स्वस्त ठरेल. मासळी तीच राहील.

आणि ज्यांचे क्रमांक वरचे आहेत ते तरी सुखी आहेत का? नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या येल आणि हार्वर्डच्या विधि विद्यालयांनी तिथल्या प्रसिद्ध 'यूएस न्यूज' यादीतून अंग काढून घेतले. येल वर्षानुवर्षे त्या यादीत पहिले होते. तक्रार अशी, की जनहिताच्या कमी पगाराच्या कामाकडे विद्यार्थी पाठवले तर यादी आम्हाला जणू शिक्षा करते आणि गरजूंना मदत करण्यापेक्षा जास्त गुणवाल्यांना पैसे देणे फायद्याचे ठरवते. म्हणजे रोग फक्त आपल्याविरुद्धच्या पक्षपाताचा नाही. जे सहज मोजता येते तेच मोलाचे मानण्याचा हा रोग आहे.

मग खरा अन्याय कोठे होतो? आमच्या मते यादी छापली जाते तिथे तो निम्माच होतो. तो पुरा होतो तो यादीचा दरवाजा केला जातो तेव्हा. ब्रिटनने मे २०२२ मध्ये जगातल्या निवडक विद्यापीठांच्या पदवीधरांसाठी खास व्हिसा सुरू केला. पात्र विद्यापीठे याच तीन जागतिक याद्यांवरून ठरवली गेली आणि पहिल्या यादीत एकही भारतीय विद्यापीठ नव्हते. परदेशी विद्यापीठांना आपल्याकडे शाखा काढायच्या तर जगातल्या पहिल्या पाचशेंत असावे, अशी अट विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ च्या नियमांत घातली. आपल्या राज्याच्या परदेशी शिष्यवृत्त्या, अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी अलीकडे निघालेली धरून, क्यूएसच्या ठरावीक क्रमांकाच्या आतल्या विद्यापीठांनाच मिळतात. सरकारला स्वतः तपासण्याचा त्रास नको, म्हणून त्याने लंडनचा ऐकीव पुरावा निकाल म्हणून स्वीकारला. कंपनी आपला माल विकते, त्यात नवल नाही. पण राज्यसंस्थेने आपली न्यायबुद्धी तिच्याकडे गहाण टाकावी, हे आम्हाला अनैतिक वाटते. आणि मग दुल्हेभाईंसारख्याने खोली गहाण टाकावी, हे त्याचेच शेवटचे टोक.

ईदनंतर आम्ही पुन्हा कोपरीला गेलो. वरचे सगळे मुद्दे दुल्हेभाईंना समजावून सांगितले. ऐकीव पुरावा, वाकडा तराजू, आंबेडकर आणि फैजी. ते खूश दिसले. भाची मात्र कोपऱ्यात फायलींना दोरी बांधत होती, ती हसली नाही. म्हणाली, "मामू, तुमचं सगळं खरं आहे. यादीत नाव नाही म्हणून मला वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की तीन वर्षांत कॉलेजात मला एकदाही कुणी दावा लिहायला बसवलं नाही. ते बाईंनी शिकवलं, कोर्टात आल्यावर. तुमच्या तराजूत तरी आमचं कॉलेज पास होतं का?"

आम्ही गप्प झालो. यादीने आपल्याला चुकीचे मोजले, यावरून आपण बरोबर आहोत असे सिद्ध होत नाही. हा तर्कातला साधा दोष, आणि आम्ही तो तासभर करीत होतो. कायदा मातीला धरून असतो असे म्हणायचे, तर त्या मातीत आपल्या महाविद्यालयाने काय पेरले ते दाखवावे लागेल. विद्यार्थ्यांसाठी प्रत्यक्ष कामाच्या अभ्यासिका बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी सक्तीच्या केल्या आहेत. किती ठिकाणी त्या खरोखर होतात आणि किती ठिकाणी फक्त जर्नल भरून सह्या घेतल्या जातात? विधि साहाय्य केंद्राची पाटी असते. तिथे वर्षात किती माणसे आली, किती अर्ज लिहिले गेले, किती बायकांना पोटगी मिळाली? हे आकडे कोणती लंडनची कंपनी आपल्याकडून हिरावून घेत नाही. आपणच ते ठेवत नाही.

आपल्या समाजाच्या शिक्षणसंस्था आहेत. बद्रुद्दीन तय्यबजींसारख्या बॅरिस्टरांनी १८७४ साली अंजुमन-ए-इस्लाम उभी केली, तेव्हा जगाच्या याद्या नव्हत्या, गरज काय आहे हे मात्र त्यांना पक्के ठाऊक होते. आज जिथे जिथे आपण कायदा शिकवतो, तिथे दरवर्षी एक साधे पान छापावे. किती विद्यार्थी न्यायालयात उभे राहिले, किती जणांनी मराठीत दावा लिहिला, किती गरिबांचे काम फुकट झाले, किती मुली पाच वर्षांनंतरही वकिली करीत आहेत. क्रमांक नको. खरे आकडे हवेत, आणि कमी असले तरी छापायचे. मग कोणा कामगाराने 'माझ्या मुलीचं कॉलेज कितवं' असे विचारले तर त्याच्या हातात ठेवायला आपल्याकडे काहीतरी असेल.

दुल्हेभाईंनी खोली गहाण टाकलेली नाही. भाची म्हणते, आधी तीन वर्षे कोर्ट, मग शिष्यवृत्ती मिळाली तर जाईन, आणि शिकून परत येईन. शिष्यवृत्तीच्या अर्जात विद्यापीठाचा क्यूएस क्रमांक तिला भरावाच लागेल, हे तिला ठाऊक आहे. त्या रात्री आम्ही निघालो तेव्हा ती दुसऱ्या दिवशीच्या एका पोटगीच्या अर्जाचे टाचण काढत होती. रहीमबीचा निकाल तिने त्यात घेतला होता.